दीड किलोचा आहेर

जळकोटच्या सिद्धलिंगअप्पा कोरे यांनी सेवानिवृत्तीच्या चौथ्या दिवशी गावातली निरक्षरता नाहीशी करण्याचे ठरवले. पहिले तीन दिवस घरातल्या कपाटांची आणि डब्यांची मांडणी शास्त्रशुद्ध करण्यात गेले होते. ते कार्य त्यांच्या पत्नी भुवनेश्वरीबाई यांनी हातात लाटणे घेऊन थांबवले नसते, तर गाव आणखी काही महिने सुखाने निरक्षर राहिले असते.

अप्पांनी चौतीस वर्षे एका सरकारी खात्यात पत्रांचे मसुदे लिहिले होते. जुन्या, डौलदार, पायघोळ गद्यावर त्यांचे निस्सीम प्रेम होते. त्यांच्या पत्राच्या शेवटापर्यंत पोचलेल्या माणसाला आरंभीची आपली तक्रार आठवत नसे, आणि त्यामुळे खात्याविरुद्धची कैक प्रकरणे परस्पर मिटली, असे त्यांचे वरिष्ठ कृतज्ञतेने सांगत. गावाला मात्र ही सिद्धी वेगळ्या प्रसंगाने ठाऊक होती. जळकोटात लग्न कोणाचेही असो, अक्षता पडण्यापूर्वी वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी माइक अप्पांच्या हाती जाई आणि पाऊण तासाने परत मिळे. पत्रिकेवर बारा पस्तीसचा मुहूर्त छापलेला असला, तरी जळकोटकर सव्वाच्या अंदाजाने घरून निघत. पाहुणे नवीन असले तर ते तेवढे उपाशी राहत.

निरक्षरतेवर चालून जायचे तर शस्त्रसामग्री हवी. अप्पांची कन्या अर्पिता पुण्यात एका मोठ्या गृहसंकुलात राहते. दिवाळीची साफसफाई चालू असताना तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुस्तके मागितली, आणि वर्षानुवर्षे कपाटे अडून बसलेल्या त्या मंडळींनी अशा काही वेगाने दानधर्म केला की आठच दिवसांत जळकोटच्या हमरस्त्यावर पुस्तकांनी भरलेला एक टेम्पो येऊन उभा राहिला. अकराशे ग्रंथ होते. त्यांत मायक्रोवेव्हमधल्या केकचे सव्वीस, शेअर बाजाराचे चाळीस आणि वजन कमी करण्याचे एकशे बारा. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके तर इतकी जुनी होती की त्यांतली निम्मी उत्तरे आता चुकीची झाली होती. एका पंचखंडात्मक ज्ञानग्रंथाचा दुसरा खंड सहा प्रतींत होता आणि उरलेले चार खंड एकाही प्रतीत नव्हते. परंतु या उकिरड्यात एक रत्न होते. मराठी गद्यशैलीवरचा सातशे पानांचा, कापडी बांधणीचा एक प्रबंध. तो हातात घेताना अप्पांचे डोळे पाणावले, आणि मनगटही किंचित लचकले.

शेजारचे ज्ञानोबा कट्ट्यावर बसून हे सारे पाहत होते. गावात कोणाचेही काही चालू असले की ज्ञानोबा तिथे सल्ल्यानिशी हजर असत, आणि सल्ला मानला नाही तर परिणाम पाहण्यासाठी थांबत.

"आप्पा, आदी संस्था काढा," ते म्हणाले. "संस्था न्हाय तवर ही समदी रद्दी हाय. संस्था निघाली की हेच ग्रंथ."

हा विचार अप्पांना इतका पटला की त्यांनी त्याच दुपारी संस्थेचे नामकरण केले: श्रीबसवेश्वर ग्रंथसंकलन, ग्रंथपुनर्वितरण व प्रौढसाक्षरताप्रसारक लोकहितैषी मंडळ, जळकोट. विश्वस्त सात लागतात. ज्ञानोबा उपाध्यक्षपदाच्या अटीवर तयार झाले. ते पाहून उरलेले पाचजणही त्याच अटीवर अडून बसले, आणि कोणालाही दुखवणे शक्य नसल्याने संस्थेला एक अध्यक्ष आणि सहा उपाध्यक्ष लाभले.

नोंदणीचा अर्ज घेऊन अप्पा जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेले. कार्यालयाचे नाव येथे देणे योग्य नव्हे. कारण अप्पांचा त्याच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. पहिली हरकत अशी निघाली की संस्थेचे नाव संगणकावरच्या रकान्यात मावत नाही. दुसरी हरकत निघाली ती चिटणीसच नसताना सहा उपाध्यक्ष नेमके काय करणार, अशी. या दोन्हींना अप्पांनी सप्रमाण उत्तरे दिली. तिसरी हरकत मात्र त्यांच्या वर्मी लागली. संस्थेचा उद्देश त्यांनी अकरा ओळींच्या एकाच वाक्यात बांधला होता. त्या वाक्यावर त्यांनी सोळा दिवस घालवले होते. त्यात ज्ञानगंगा होती, अंधकार होता, दातृत्वाचे निर्झर होते, आणि या सर्वांना एकत्र बांधणारे क्रियापद अकराव्या ओळीच्या टोकाला, मंदिराच्या कळसासारखे, एकटे उभे होते. खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचले, आणि अदबीने म्हणाल्या, "काका, सगळं छान आहे. पण कोण कोणाला काय देणार आहे, तेवढं एका ओळीत लिहून द्या."

अप्पांनी सांगितले की ते संदर्भावरून स्पष्ट आहे. बाईंनी सांगितले की नाही. अप्पा घरी आले आणि ते स्पष्ट कसे आहे याचे विवेचन करणारे चार पानी पत्र त्यांनी रजिस्टर टपालाने रवाना केले.

नोंदणीवाचून उद्घाटन करू नये असे काही संस्थेच्या घटनेत लिहिलेले नाही, हे ताडून पाहून त्यांनी कार्तिकी पौर्णिमेला बसवेश्वराच्या सभामंडपात उद्घाटन उरकले. भाषण एक तास दहा मिनिटे झाले. त्याच्या शेवटी भावनेच्या भरात अप्पांच्या तोंडून ती प्रतिज्ञा बाहेर पडली. येत्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे बसवजयंतीच्या दिवशी, याच मंडपात पाच प्रौढ व्यक्ती, ज्यांना आज अक्षराचीही ओळख नाही, एकेक पान वाचून दाखवतील. आणि तसे न घडल्यास सिद्धलिंग कोरे उर्वरित आयुष्यात कोणत्याही समारंभात माइक हाती धरणार नाही.

 मंडपात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. लोकांचे साक्षरतेवर इतके प्रेम असेल याची अप्पांना कल्पना नव्हती. ज्ञानोबांनी ती प्रतिज्ञा मागच्यांना ऐकू गेली नाही म्हणून पुन्हा म्हणायला लावली, आणि मग विसरायला नको म्हणून कागदावर सहीनिशी घेतली. परीक्षक होण्याची जबाबदारीही त्यांनी आपण होऊन पत्करली. त्यांचा मुलगा कृष्णराज याचे लग्न त्याच अक्षय्य तृतीयेच्या दुपारी जळकोटातच व्हायचे होते, ही गोष्ट त्या वेळी अप्पांच्या लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा ओसरीवर संस्थेच्या फलकाखाली टेबल टाकून बसू लागले. सभासदत्वाच्या अर्जात तेवीस प्रश्न होते. विसाव्या प्रश्नात वाचनाचे प्रयोजन विचारले होते, आणि तेविसाव्यात ग्रंथ परत करतेवेळी त्याचा सारांश दहा ओळींत तोंडी सांगण्याची हमी होती. पंधरा दिवसांत गावातल्या लोकांनी अप्पांच्या घरापुढून जाणे सोडले आणि मागच्या बोळात पायवाट पडली. रोज सकाळी समोरून येणारे माणूस एकच उरले, ते म्हणजे हरणाबाई. तिची चौदा शेरडे होती, आणि भुवनेश्वरीबाईंना दूध घालायला तिला यावेच लागे. अप्पांनी तिला दुधाच्या किटलीसकट पाटीपुढे बसवून 'अ' काढून दाखवला. हरणाबाईने तो बराच वेळ पाहिला.

"ह्याचं काय करायचं असतंय आप्पा?" तिने विचारले.

अप्पांनी सांगितले की यापासून आरंभ होतो. हरणाबाई म्हणाली की तिचा आरंभ पहाटे चारला होतो आणि शेरडं दारात उभी आहेत. त्यांतल्या एकीने तेवढ्यात अर्जांचा गठ्ठा खायला घेतला होता. त्या दिवशी तेवीस प्रश्नांचा तो अर्ज प्रथमच कोणाच्या तरी पोटात शिरला.

मार्गशीर्षात किराणा दुकानदार सोमलिंग यांच्याकडचे लग्न आले, आणि एक घरगुती संकट उभे राहिले.

या भागात लग्नाला जाणारा पाहुणा टॉवेल, टोपी आणि ब्लाउजपीस घेऊन जातो, आणि येताना टॉवेल, टोपी आणि ब्लाउजपीस घेऊन येतो. गेलेल्यात आणि आलेल्यात फरक असलाच तर रंगाचा असतो. ही टोपी डोक्यावर घालायची नसते आणि हा टॉवेल अंगाला लावायचा नसतो. दोन्ही कपाटाच्या वरच्या फळीवर पुढच्या लग्नाची वाट पाहतात. तुळजापूर तालुक्यात अशा काही टोप्या आहेत की ज्या बत्तीस लग्ने हिंडून आल्या आणि एकाही डोक्यावर बसल्या नाहीत. या व्यवहारात पाप एकच: ज्याने दिला त्यालाच त्याचा आहेर परत जाता कामा नये. परंतु टोपीवर देणाऱ्याचे नाव नसल्याने ते पाप आजवर कधी कोणावर शाबीत झालेले नव्हते.

भुवनेश्वरीबाईंनी वरची फळी उघडली तर ती रिकामी. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी शास्त्रशुद्ध मांडणी करताना ते अकरा टॉवेल खाली काढले होते आणि, हे सांगताना लेखणी अडखळते, वापरायला घेतले होते.

"वापरलाव?" भुवनेश्वरीबाई एवढेच म्हणाल्या. माणसाने देवाच्या समईतले तेल भज्यांना वापरले असते तरी त्यांचा सूर याहून वेगळा निघाला नसता.

लग्नाला तासभर उरला होता. समोर हजारभर ग्रंथ पडले होते. अर्पिताच्या कुठल्याशा वाढदिवसाचा पोपटांची नक्षी असलेला चंदेरी कागद होता. बाईंनी ढिगात हात घालून त्यातल्या त्यात भारी हाताला लागला तो ग्रंथ उचलला आणि कागदात बांधला. तो नेमका गद्यशैलीचा प्रबंध निघाला. अप्पांनी तो परत काढून घ्यायला हात पुढे केला; परंतु सोमलिंगसारखा बुद्धिमान व्यापारी तो वाचून काढील अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी वर चिठ्ठी चिकटवली आणि आपल्या वळणदार अक्षरात साडेचार ओळींचा आशीर्वाद लिहिला.

त्या लग्नात आहेराच्या टेबलावर तो पुडा ठेवला तेव्हा टेबल कुरकुरले. ते लोकांनी ऐकले. टॉवेल-टोपीने आजवर कुठलेही टेबल कुरकुरवले नव्हते. दुसऱ्या सकाळी अप्पांच्या ओसरीवर चार माणसे उभी होती.

"आप्पा, व्याह्याचं काम हाय," पहिला म्हणाला. "दीड किलोच्या खाली नगं."

 वाचकाने विषय मागावा, लेखक मागावा, हे अप्पांनी ऐकले होते. पण नुसत्या ज्ञानाच्या भाराची अशी निःस्वार्थ भूक त्यांनी प्रथमच पाहिली. त्यांनी ज्ञानग्रंथाचा दुसरा खंड दिला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडाच्या सहाही प्रती संपल्या. मग मागणीचे एक शास्त्रच तयार झाले. व्याह्याला जाड पुठ्ठ्याचे, चुलत्याला मध्यम, आणि ज्याच्याकडे नुसते तोंड दाखवायला जायचे त्याला वजन कमी करण्याचे. तेवीस प्रश्नांच्या अर्जावर लोक सर्वत्र 'होय' लिहीत. वाचनाच्या प्रयोजनापुढेही 'होय' होते. माघ संपेपर्यंत सहाशे ग्रंथ बाहेर पडले आणि एकही परत आला नाही. लोक ते पुन्हा पुन्हा वाचत असले पाहिजेत, असा निष्कर्ष अप्पांनी कार्यालयाला पाठवलेल्या नवव्या पत्रात नोंदवला.

त्याच सुमारास हरणाबाईवर आकाश कोसळले. तिच्या विहीणबाईने जावळाच्या कार्यक्रमात तिला एक पुडा दिला होता. हरणाबाईने रिवाजाप्रमाणे तो न फोडता ठेवला, आणि दोन महिन्यांनी विहीणबाईच्याच सुनेच्या डोहाळजेवणाला तोच पुडा घेऊन गेली. टोपी असती तर खपून गेले असते. परंतु पुड्यावर चिठ्ठी होती. तिथल्या शाळकरी नातीने ती भर पंगतीत मोठ्याने वाचली. विहीणबाईने स्वतःचेच नाव ऐकले, ताट सरकवले आणि तोंड फिरवले ते आजतागायत.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई अप्पांपुढे येऊन उभी राहिली. डोळे लाल होते. "आप्पा, मला नावं वाचाया शिकवा. निस्ती नावं. बाकीचं काय नगं."

या क्षणी अप्पांनी नुसती मान डोलावली असती तर पुढचा त्रास वाचला असता. परंतु तत्त्वाचा प्रश्न होता. स्वर, मग व्यंजने, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, आणि नावे सर्वांत शेवटी, असा क्रम त्यांनी सांगितला. ज्याला पाया नाही त्याला शिखर नाही, हे त्यांनी वीस मिनिटे विविध उदाहरणांनी पटवून दिले. ती पटवून घेणारी बाई दुसऱ्याच मिनिटाला आत स्वयंपाकघरात गेली होती, हे त्यांना भुवनेश्वरीबाईंच्या हसण्याचा आवाज आल्यावर कळले.

त्यानंतर रोज दुपारी स्वयंपाकघरात बायका जमू लागल्या. आधी तीन, मग सात, मग अकरा. आतून चहाच्या किटलीची शिट्टी, कागद सोलल्याचा आवाज आणि मधूनच एखाद्या घराण्याचा उद्धार ऐकू येई. आहेरावरून उखाळ्यापाखाळ्या चालल्या असाव्यात, असे समजून अप्पा ओसरीवर एकटेच फलकाखाली बसत, विद्यार्थ्यांची वाट पाहत आणि कार्यालयाला लिहीत. आवाज फार वाढला की ते आत निरोप पाठवत, की बाहेर साक्षरतेचे काम चालू आहे, कृपया शांतता राखावी.

फाल्गुनात ज्ञानोबांच्या कृष्णराजचा साखरपुडा ईटला झाला. ईट म्हणजे भूम तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वधू शिवांजली तिथली. वरपक्षाकडचे वजनदार गृहस्थ म्हणून अप्पा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेले. तिथे मानापानाच्या वेळी त्यांना टिळा लावला, नारळ दिला आणि हातात एक पुडा ठेवला. मनगट ओळखीच्या ठिकाणी लचकले. अप्पांनी खाली पाहिले. चंदेरी कागदावर पोपट होते.

 घरी येऊन त्यांनी नखाने चिठ्ठी उचकटली. खाली दुसरी होती. दुसरीखाली तिसरी. अणदूर, तुळजापूरचे लॉजवाले, नळदुर्ग, पुन्हा अणदूर. सातवी चिठ्ठी निघाली आणि तिच्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरातला साडेचार ओळींचा आशीर्वाद समोर आला. भुवनेश्वरीबाईंनी मारलेली दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. मराठी गद्यशैली सात घरे हिंडून आली होती आणि कोणी तिच्या कागदाचा कोपरासुद्धा फाडला नव्हता. बाहेर गेलेल्या बाकीच्या सहाशे ग्रंथांचेही काय झाले असेल हे समजायला अप्पांना आणखी चिठ्ठीची गरज नव्हती. त्यांनी प्रसार केला होता तो टोप्यांचा. अक्षय्य तृतीया पस्तीस दिवसांवर आली होती.

त्यांनी राजीनामा लिहायला घेतला. तो तिसऱ्या पानावर रंगात आला असताना त्यांना चहाची तलफ आली, आणि त्या चार महिन्यांत प्रथमच ते दुपारचे स्वयंपाकघरात शिरले.

अकरा बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये पुड्यांचा ढीग होता. किटलीच्या वाफेवर धरून चिठ्ठ्या अलगद सोडवल्या जात होत्या आणि भिंतीवर खडूने गावांची नि घराण्यांची नावे लिहिली होती. अप्पांनी टेबलावर टाकलेल्या त्या सात चिठ्ठ्या हरणाबाईच्या हातात होत्या, आणि ती बोट फिरवत एकेक सांगत होती.

"हे सोमलिंगानं अणदूरच्या धोंडप्पाला दिलं. धोंडप्पानं नळदुर्गाच्या भुजंगाला. भुजंगानं तुळजापुरात धाडलं. आन् हे बगा वैनी, पुन्यांदा अणदूरला आलं, ते त्याच धोंडप्पाच्या मेव्हण्याकडं. थोडक्यात वाचला म्हातारा."

अप्पा दारातच उभे राहिले. 'भुजंग' या शब्दातल्या प्रत्येक अक्षराला आपण शिकवण्याच्या क्रमात वैशाखानंतरचे स्थान दिले होते, हे त्यांना आठवले. भुवनेश्वरीबाई शांतपणे म्हणाल्या, "आवो, दारात उभं ऱ्हाऊ नगा, वाफ जायलीय."

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी नऊ वाजता सभामंडप गच्च भरला होता. गाव मोठ्या आशेने आले होते. बारा पस्तीसला कृष्णराजचे लग्न, आणि ते अप्पांच्या मौनात पार पडणारे पहिले लग्न व्हावे, अशी सर्वांचीच इच्छा होती. चेहऱ्यांवर ती शुभेच्छेसारखी पसरली होती. अप्पांनी कोऱ्या धोतराची घडी मोडली होती. स्वयंपाकघरातल्या अकराजणींपैकी पाचजणी पुढे बसल्या होत्या आणि पहिली पाळी हरणाबाईची होती. आज ही बाई अडखळली तर उद्यापासून ते लग्नाला जाणार, जेवणार आणि परत येणार, इतर माणसांसारखे.

परीक्षक ज्ञानोबांनी खिशातून एक कागद काढला. चिठ्ठ्या वाचणे वेगळे आणि पान वाचणे वेगळे, असे म्हणून त्यांनी तो हरणाबाईपुढे धरला. तो संस्थेचा उद्देश होता. अकरा ओळी, एक वाक्य. उपाध्यक्ष म्हणून त्यांच्याकडे एक प्रत होती. इतक्या लांब पल्ल्याचा कट ज्ञानोबांनी आयुष्यात प्रथमच केला होता.

हरणाबाईने पदर खोचला आणि वाचायला लागली. ती एकेक अक्षर दाबून, शेरडू खरेदी करताना दात पाहावेत तसे पाहून, पुढे सरकत होती. ज्ञानगंगा ओलांडायला सहा मिनिटे लागली. दातृत्वाच्या निर्झरापाशी तिने पाणी मागितले. मंडपातले पंखे फिरत होते. पाचव्या ओळीला साडेनऊ झाले, सातव्या ओळीला पावणेदहा. ज्ञानोबा घड्याळाकडे पाहू लागले. ईटची मंडळी मंगल कार्यालयात उतरल्याचा फोन आला. आठवी ओळ. वऱ्हाडाला चहा द्यायला कोणी नाही, असा दुसरा फोन आला. हरणाबाई मध्येच उठू देईना. बोट ठेवलेली जागा सुटेल म्हणे. दहा वाजून पाच मिनिटांनी ती कळसावर पोचली, शेवटचे क्रियापद तिने मोठ्याने उच्चारले आणि कागद खाली ठेवला.

एकही अक्षर चुकले नव्हते. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांचे ते वाक्य जगात प्रथमच कोणीतरी आरंभापासून अंतापर्यंत मोठ्याने वाचले होते.

हरणाबाई त्यांच्याकडे वळली. कपाळावर आठी होती. "आप्पा, म्या समदं वाचलं. पर ह्यात कुणी कुणाला काय दिलं, तेच घावंना."

सगळा मंडप हसला. भुवनेश्वरीबाईंनी पदर तोंडाला लावला. कार्यालयातल्या बाईंचा चेहरा अप्पांपुढे उभा राहिला. त्या बाई एम.ए. होत्या, आणि शेरडे राखणाऱ्या या बाईने तीच हरकत त्याच शब्दांत काढली होती. कार्यालयाला उलट पत्र लिहिता येते. हरणाबाईला काय लिहिणार?

अजून चार बायका वाचायच्या होत्या. ज्ञानोबांनी चाराला पाऊण तासाने गुणले, घाम पुसला, हात जोडले आणि पाचहीजणी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्याचे जाहीर केले. टाळ्या वाजल्या, पण त्या उद्घाटनाच्या टाळ्या नव्हत्या.

बाराच्या सुमारास मंगल कार्यालयात माइक अप्पांच्या हाती आला. जिंकलेला माइक. लोकांनी सवयीने पाय पसरले. काहीजण तंबाखू मळायला बाहेर गेले. नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी होता, वाजंत्रीवाले हॉटेलात मिसळ खात होते, आणि आचाऱ्याने तांदूळ नुकतेच धुवायला घेतले होते. अप्पांचे भाषण म्हणजे पाऊण तास, हे गणित गावातल्या प्रत्येक चुलीला पाठ होते.

अप्पा उभे राहिले. समोर बायकांत हरणाबाई बसली होती, मांडीवर पुडा घेऊन, चिठ्ठीवर बोट ठेवून. तिच्याकडे पाहिल्यावर निर्झर, अंधकार आणि ज्ञानगंगा त्यांच्या घशातच आटली.

"कृष्णराजने आपले आयुष्य शिवांजलीला दिले," ते म्हणाले. "शिवांजलीने आपले कृष्णराजला दिले. दोघांनी ते जपून वापरावे, फळीवर ठेवू नये."

आणि ते खाली बसले.

मंडपात असा सन्नाटा पसरला की बाहेर कांदा चिरल्याचा आवाज आला. हरणाबाईने मान डोलावली. तिला सगळे कळले होते. भटजींनी पंचांगात पाहिले, घड्याळात पाहिले आणि रिकाम्या बोहल्याकडे पाहिले. मुहूर्त गाठता येणार होता, पण गाठायला नवरदेव नव्हता. ईटचे पाहुणे उठून उभे राहिले आणि पुढे काय, असे विचारू लागले. पुढे काय, हे जळकोटात बारा-पाचला कोणालाच कधी माहीत नव्हते. एकजण नवरदेवाकडे पळाला, दुसरा वाजंत्रीवाल्यांकडे, आणि दोघे दारातच एकमेकांवर आदळले.

ज्ञानोबा स्वयंपाकाच्या बाजूने धावत आले. फेटा सुटून खांद्यावर आला होता. त्यांनी अप्पांच्या हातात माइक कोंबला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आप्पा, पाया पडतो, आजून थोडं बोला. भात व्हायचाय."

चौतीस वर्षे नोकरीची, आणि त्याआधीची, अन् नंतरची. एवढ्या काळात 'अजून बोला' हे शब्द कोणी सिद्धलिंग कोरे यांना उद्देशून उच्चारल्याची नोंद नाही. ते सावकाश उठले. त्यांनी उपरणे सारखे केले, हरणाबाईकडे न पाहता खिशातून अकरा ओळींचा तो कागद काढला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि भात शिजून त्यावर झाकण पडेपर्यंत वाक्य संपू दिले नाही.